आवाज न करणारी पाठ

बुधवारी सकाळी डॉ. ऑर्लिन व्हॉस मांजरापुढे दुधाची बशी ठेवायला वाकले आणि तसेच राहिले. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या त्या लहानशा गावात एकतीस वर्षं ते लोकांच्या आखडलेल्या पाठी हातांनी दाबून मोकळ्या करत आले होते. आता त्यांचीच पाठ अडकली होती आणि खाली दवाखान्यात पाच पेशंट येऊन बसले होते.

"ग्रेटाकडे जा," बायको लव्हॉन टोस्टला लोणी लावत म्हणाली.

"त्यापेक्षा मी असाच राहतो."

"राहा. पेशंटना काय सांगू? डॉक्टर खाली काहीतरी शोधतायत?"

ग्रेटा लिंडमन पूर्वी त्यांच्याच हाताखाली काम करायची. चार वर्षांपूर्वी एका पेशंटने विचारलं, पाठीत कट्‌ झालं ते काय? डॉक्टर म्हणाले, "हाड जागेवर बसलं." ग्रेटा म्हणाली, "नाही, सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा झाला." पुढच्याच महिन्यात तिने रस्त्यापलीकडे स्वतःचा दवाखाना थाटला. तेव्हापासून बोलणं बंद.

डॉक्टर मागच्या दाराने निघाले. वाटेत त्यांना फक्त जमीन दिसत होती. ग्रेटाच्या दवाखान्यात शिरल्यावर ओळखीचे बूट दिसले. डुकरं पाळणारा एल्डन, वीस वर्षांपासूनचा त्यांचा पेशंट.

"एल्डन, तुला तर फ्लू झाला होता," डॉक्टर बुटांना म्हणाले.

"उतरला," वरून आवाज आला. "तुम्ही इकडे कसे?"

"सहज."

"मीही सहजच."

ग्रेटाने काही न विचारता त्यांना आतल्या खोलीत नेलं. टेबलावर कुशीवर झोपवलं, वरचा गुडघा दुमडला, कमरेवर हात टेकवला आणि एक छोटा, झटपट धक्का दिला. खोलीत शांतता.

"कट्‌ झालं नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे बसलं नाही."

"हाड कुठे गेलंच नव्हतं, तर बसणार कुठून? सांधा आखडला, म्हणून स्नायूंनी घट्ट धरून ठेवलं होतं. धक्क्याने सांधा हलला की ते पकड सोडतात. आवाज कधी होतो, कधी नाही. उठा."

"उठून काय होणार."

"उठा तरी."

डॉक्टर उठले. सरळ. समोर ग्रेटाचा चेहरा होता. तो चार वर्षांत थोडा थकला होता.

"एकतीस वर्षं मी लोकांना हाड बसलं म्हणून सांगतोय," ते म्हणाले.

"बरे होऊन जायचे ना?"

"बरेचसे."

ग्रेटाने दाराला आतून कडी लावली आणि आवाज खाली आणला. "आता माझी मान बघता का? दोन वर्षं डावीकडे वळत नाही. स्वतःची स्वतःला करता येत नाही. दर महिन्याला चाळीस मैल गाडी चालवत डेव्हनपोर्टला जाते."

"मी समोरच होतो की."

"तुम्ही बोलत नव्हता."

"तूही नव्हतीस."

डॉक्टरांनी हात धुतले. मग ग्रेटाच्या मानेतून असा कट्‌ आवाज झाला की बाहेर एल्डन खुर्चीतून उठला. त्याने दार ठोठावलं.

"आत कोण कोणाला बघतंय ते मला नका सांगू," तो म्हणाला. "पण माझी कंबर दुखतेय. मोकळा असेल त्याने बघा."

ग्रेटाने दार उघडलं. "तुमचा पेशंट आहे," ती डॉक्टरांना म्हणाली.

"तुझ्याकडे आलाय. तूच बघ."

"वीस वर्षं तुमचाच आहे."

यावरून पुन्हा बोलणं बंद होण्याची वेळ आली होती, पण तोवर एल्डन बूट काढून टेबलावर पालथा पडला होता.