चुलीमागची बोडी

आरमोरीकडच्या एका गावात गोकुळाबाईच्या स्वयंपाकघराची भिंत पेटली, तेव्हा ती भाताच्या पेजेने विझवण्यात आली, कारण हाताशी पेजच होती. भिंत बांबूच्या कुडाची, वरून मातीने लिंपलेली. चुलीमागचं लिंपण पडलं होतं आणि उघडे बांबू रोज थोडे थोडे काळे होत होते. पुढच्या खेपेला हाताशी काही नसलं तर घरच जाणार, हे गोकुळाबाईला पक्कं ठाऊक होतं. चूल पेटली की तिचं लक्ष भांड्यापेक्षा भिंतीकडेच असायचं.

एक पत्रा आणून चुलीमागे उभा करायचा, असं तिने ठरवलं. तेवढ्यात तिचा नवरा इस्तारी खांद्यावर जाळं टाकून तलावावरून आला, तो बातमी घेऊनच.

"चुलीमांगं पत्रा लावाची योजना आली म्हणते. फुकट भेटते तं आपला कायले लावाचा?"

गोकुळाबाईला हे चटकन पटलं. फुकट म्हटल्यावर भिंतही तिला आधीइतकी काळी दिसेना.

योजनेचं नाव होतं 'स्वयंपाकगृह पार्श्वभित्ती अग्निकवच अभियान'. अभियंता दिनेश साहेब मात्र भला माणूस. त्याने चुलीपुढे उकिडवं बसून भिंत तपासली.

"बाई, पत्रा भिंतीले चिकटवाचा नाई. मांगं दोन बोटं हवा पाहिजे. मंग पत्रा तापला तरी भिंत थंडी राह्यते."

बोलणं अगदी शहाणपणाचं होतं आणि घात तिथेच झाला. हवा हा कामाचा भाग, म्हणून मंजुरीत तिचीही नोंद झाली: 'हवा, दोन बोटं जाडीची, स्थानिक, चांगल्या प्रतीची.' पत्रा आला, विटांच्या टेकूवर भिंतीपासून सुटा उभा राहिला. कंत्राटदार लटारूने हवाही जातीने बसवून दिली. वरच्या कार्यालयाने फोटो पाहून शेरा मारला: 'पत्रा दिसतो. हवा दिसत नाही.'

हवा सिद्ध होईपर्यंत चूल पेटवायला बंदी झाली. धूर लागला की कवच वापरलेलं ठरतं आणि वापरलेलं कवच तपासणीत चालत नाही.

"मंग सैपाक कुठी करू?" गोकुळाबाईने विचारलं.

"अंगणात करा न," दिनेश साहेबाने सुचवलं.

अंगणात मोकळी जागा होती ती धानाच्या तणशीच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगाला खेटून. भिंतीच्या सुरक्षिततेसाठी गोकुळाबाई वाळल्या तणशीशेजारी विस्तव पेटवू लागली.

"साहेब, तणशीले आग लागली तं?"

"त्याची योजना येगळी आहे, बाई," दिनेश साहेब कळवळून म्हणाला.

इकडे पत्र्यामागे मोठी छान झुळूक खेळत होती. वारा लागणारी जागा रिकामी ठेवणं हे मासोळ्या धरणाऱ्या घराला शोभत नाही. गोकुळाबाईने तिथे बारीक मासोळ्यांच्या माळा सोडल्या. दिनेश साहेब पुन्हा हवेचा फोटो काढायला आला आणि कपाळाला हात लावून बसला, तेव्हा तिने एक माळ ओढून त्याच्या नाकासमोर धरली.

"हवा नाई म्हणता, तं ह्या कशानं सुकल्या?"

साहेबाचा चेहरा खुलला. त्याने मासोळ्यांचा फोटो काढून पुरावा म्हणून वर पाठवला. वर तो बारकाईने पाहण्यात आला. ज्याअर्थी मासोळ्या आढळल्या त्याअर्थी जागा जलाशय ठरते, असा निष्कर्ष निघाला आणि प्रकरण मासोळ्यांच्या खात्याकडे गेलं. त्या खात्याचे लोक येऊन फट मोजून गेले. रुंदी कमी भरली, ती चालवून घेतली. पाणी नव्हतं, पण उन्हाळ्यात ते पुष्कळ बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, नसतं, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. 'चुलीमागची बोडी' रीतसर इस्तारीच्या नावे झाली.

मग अग्निकवच अभियानाचा आदेश आला: 'चुलीमागे जलाशय असल्याने आगीचा धोका संभवत नाही. सबब कवच काढून घ्यावे.' लटारू पत्रा घेऊन गेला. जाताना हवा तेवढी ठेवून गेला.

आता मात्र गोकुळाबाईचं डोकं फिरलं. शेजारच्या झाडूभाऊच्या अंगणात मोडका कूलर पडला होता, त्याचा पत्रा तिने मागून आणला. विटा लावल्या, दोन बोटं जागा सोडली, चूल पेटवली. पत्रा तापल्यावर मागे हात घालून पाहिला. भिंत थंड. तिला इतका आनंद झाला की आमटीत तिखट दोनदा पडलं.

सकाळी अर्धं गाव दारात उभं. गोकुळाबाईचा ऊर भरून आला.

"या न, दाखवतो. भिंत कशी थंडी राह्यते, हात लावून पाहा."

"पत्रा राहू दे वो, गोकुळाबाई," झाडूभाऊ म्हणाला. "बोडी कशी मंजूर केली, ते सांग."

तिने अंगणाकडे पाहिलं. इस्तारी तणशीजवळ दुसरी चूल मांडून तिच्यामागे फट सोडत होता.

हसताय ना? बोडीवाल्याला मासोळीचं बीज, नवं जाळं आणि नायलॉनची दोरी फुकट मिळते, हे सांगायचं राहिलं. शहरातली गॅसच्या शेगडीमागची फटसुद्धा चालते. फक्त अर्जाची मुदत कालच संपली.

वाईट वाटलं ना?