धाकल्या भावाची सुट्टी

रविराजच्या दुकानात नोकरांना सुट्टी होती, फक्त दादासोला नव्हती. बारामतीत ठिबकच्या पाइपांचं मोठं दुकान, मागं गोडाऊन, शेतावर फिटिंगला जाणारी पोरं धरून वीस-पंचवीस माणसं कामाला. बाकीच्यांना आठवड्यातून एक दिवस पाळीपाळीनं सुट्टी मिळायची. दादासोकडं मात्र गोडाऊनच्या किल्ल्या होत्या, आणि किल्ल्या ज्याच्याकडं तो घरचा माणूस, असं रविराज मानायचा. घरच्या माणसाला कसली आलीय सुट्टी?

दादासोला रविवार हवा होता. त्याची वैष्णवी बावड्याला वसतिगृहात राहून शिकत होती, आणि तिथं आईबापांना रविवारीच भेटू द्यायचे. शाळा सुरू झाल्यापासून बाप एकदाही फिरकला नव्हता. शेवटी पोरीनं फोनवर विचारलं, "आप्पा, तुमी माझ्यावर रागावलाय का?" तेव्हापासून गड्याला घास गोड लागेना.

शुक्रवारी त्यानं धीर केला. त्याची आई बानूबाई काटेवाडीहून त्याचा डबा घेऊन आली होती आणि दुकानात पंख्याखाली टेकली होती.

"शेठ, परवा रविवारी बावड्याला जाऊन येतो म्हणतो," दादासो म्हणाला. "आठवड्याची सुट्टी कायद्यानंच हाय म्हणं."

कायद्याचं नाव निघाल्यावर रविराजला लागलं. "दादासो, कायदा नोकराला असतोय. तू काय नोकर हायस व्हय? धाकला भाऊ हायस माझा. तुझ्या आईसमोर सांगतो. आन् रविवारी तर तू घरीच ये. आपल्या श्रेयाला बघायला इंदापूरचं पाव्हणं येणार हायत. बहिणीच्या बघण्याला भाऊ नको का?"

पोह्यांच्या बश्या फिरवायला कुणीतरी हवं, हे त्यानं बोलून दाखवलं नाही.

"धाकला भाऊ म्हणतोस?" बानूबाईनं विचारलं.

"व्हय मावशी."

"बघ बाबा. शब्द हाय."

"दिला शब्द," रविराज म्हणाला, आणि फुकटात भागलं म्हणून खूश झाला.

आता आपल्या भागात कुणाला काका म्हणा, मामा म्हणा, काही बिघडत नाही. पण भाऊ म्हणताना जरा इकडंतिकडं बघून म्हणावं. भाऊ म्हटलं की मागोमाग तलाठी आणि मोजणीवाले येतात. रविराजच्या हे ध्यानात आलं नाही, कारण बिचाऱ्याला सख्खा भाऊच नव्हता.

रविवारी पाहुणे आले. नवरा मुलगा अविराज एका कंपनीत कामगारांच्या रजा आणि पगाराचं काम बघायचा. सोबत त्याचे वडील म्हस्कूराव आणि आई. मुलगा श्रेयाला फोटोवरूनच पसंत पडला होता, त्यामुळं आत ती तिसऱ्यांदा साडीच्या निऱ्या नीट करत होती. दादासो पोह्यांचा ट्रे घेऊन फिरत होता. एवढ्यात बानूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि सरळ पाहुण्यांच्या शेजारी सोफ्यावर बसली.

"ह्या आमच्या घरच्याच," रविराजनं कसंबसं हसून सांगितलं.

"व्हय. धाकल्याची आई मी," बानूबाई म्हणाली.

म्हस्कूराव चमकले. "रविराजला भाऊ हाय? आमाला तर एकुलता एक सांगितलं हुतं."

"परवाच झाला," बानूबाई शांतपणे म्हणाली.

पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. रविराजनं घाईघाईनं पाऊसपाण्याचा विषय काढला, पण बानूबाईला पावसाशी काही देणंघेणं नव्हतं.

"रविराज, चार माणसं बसल्यात तवर बोलून घिऊ. वाटणीचं कसं करायचं?"

"कसली वाटणी?"

"भाऊ म्हणल्यावर वाटणी आलीच की. आमचं काय हावरं म्हणणं न्हाय. दुकान थोरल्याला ऱ्हाऊ दे. धाकल्याला गोडाऊन. किल्ल्या तशाबी त्याच्याकडंच हायत्या."

"आये, गप की," दादासो पुटपुटला.

म्हस्कूरावांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे दुकानाचा वाद चालू हाय तर," ते बायकोला म्हणाले, आणि त्यांनी टोपी उचलली. टोपी उचललेली बघून रविराज ताडकन उभा राहिला. आतून श्रेयाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"कुठला वाद आन् कुठला भाऊ," तो ओरडलाच. "नोकर हाय त्यो माझा. पगारी नोकर."

मग अविराज पहिल्यांदा बोलला. "मग त्यांची सुट्टी कुठल्या वारी असते?"

"रविवारी," रविराज बोलून गेला. दुसरा वार त्या घटकेला त्याला आठवलाच नाही.

"आज रविवारच आहे."

अविराज ट्रेकडं बघत होता. सगळेच ट्रेकडं बघायला लागले.

"आज त्यो आपला... पाव्हणा म्हणून आलाय," रविराज म्हणाला.

"मग बसू द्या की त्यांना."

"पाव्हण्याला बसायला टायम न्हाय," बानूबाई उठत म्हणाली. "पोरगी बावड्याला वाट बघतीया त्याची. रविराज, चार माणसांत नोकर म्हणलास ते लई बरं केलंस. आता वाटणी नगं. दर रविवार तेवढा सोड."

"सोडला," रविराज म्हणाला. टोपी अजून म्हस्कूरावांच्या हातातच होती.

दादासोनं ट्रे मालकाच्या हातात दिला, वर किल्ल्यांचा जुडगा ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. "येतो शेठ," एवढंच म्हणून तो स्टँडच्या दिशेनं जवळजवळ पळत सुटला. म्हस्कूराव हसले, टोपी मांडीवर ठेवली आणि पुन्हा पोहे मागितले. स्थळ हातचं जायचं वाचलं.

रविराज ट्रे घेऊन घाम पुसत स्वयंपाकघरात आला. त्याची बायको उत्कर्षा गॅसपाशी उभी होती. घरचा स्वयंपाक उरकून दुकानाची बिलं तीच करायची, रविवारीसुद्धा.

"ऐकलं मी सगळं," ती म्हणाली. "दादासो नोकर निघाले म्हणायचे."

"व्हय बाई. सुटलो."

"आणि मी?"

"तू काय नोकर हायस व्हय? तू तर घरची..."

उत्कर्षानं पदराला हात पुसले, स्टूल ओढलं आणि त्यावर निवांत बसली.

"बोला की. घरची म्हणा, न्हायतर नोकर म्हणा. मला दोन्ही चालतंय."

बाहेरून म्हस्कूराव चहाचं विचारत होते. रविराजनं बाहेर बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि पुढं होऊन पातेल्यात साखर टाकली.