विनातिकीट हॉलिवुड

समोरच्या फ्लॅटमधले आहेरकाका सिनेमा बघत नाहीत, तपासतात. नवं पात्र आलं की रिमोटनं त्याला जागच्या जागी थांबवतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि निकाल देतात, "हा विनातिकीट आहे."

काका रेल्वेत टीसी होते. इगतपुरी ते मनमाड, तीस वर्षं. निवृत्त होऊन गंगापूर रोडला आले, तरी नजर तीच. दूधवाला विनातिकीट, हवामानाचा अंदाज विनातिकीट. एकदा मी त्यांना घरच्या पुरणपोळ्या नेऊन दिल्या, तर ताट हातात घेण्याआधी म्हणाले, "कशाबद्दल?"

काकू गेल्यावर त्यांना नाद लागला तो जुन्या हॉलिवुडातल्या भानगडींच्या सिनेमांचा. हॅटवाले नट, लांबलचक काळ्या मोटारी, मोत्यांच्या माळा आणि बंगल्याच्या तलावाकाठी एखादं प्रेत. "काय मजा आहे राव! एवढी गर्दी, आणि एकाकडेही तिकीट नाही!"

अडचण इंग्रजीची होती. ती तिसऱ्या मजल्यावरच्या गायधनीबाईंनी सोडवली. बाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. आता निवृत्त, एकट्या. दुपारी तीनला चिवड्याचा डबा घेऊन यायच्या आणि अर्थ सांगायच्या.

"ही नटी काय म्हणाली, बाई?"

"त्या दिवशी मी घरीच होते, म्हणाली."

"थांबा. हिचे बूट बघा. ओले आहेत."

"ओले नाहीत हो, चकाकतायत. नवे आहेत."

"तुम्ही फार भोळ्या आहात."

"आणि तुम्ही असंच थांबवत राहिलात ना आहेर, तर खुनी म्हातारपणानंच मरेल!"

दोन तासांचा सिनेमा आठवडाभर पुरायचा.

हे सगळं मला नंतर कळलं. आता जे सांगतोय ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये होता. दिवसभर घरात पडून कान तेवढे चालू. समोरून एका बाईचे हुंदके यायचे. काच फुटायची. मग काकांचा आवाज, "खोटं बोलतेय ही!" आणि पाचच्या सुमाराला गायधनीबाई पदरानं डोळे पुसत जिना चढताना दिसायच्या. मी दाराच्या भिंगाला डोळा लावून बसायचो. विचारावं असं एकदाही वाटलं नाही.

सोसायटीचे चेअरमन पायाची चौकशी करायला आले, तेव्हा मी एवढंच म्हणालो, "समोर दुपारी काय चालतं कोण जाणे. बाई रडत बाहेर पडतात."

एवढंच. तीन दिवसांत ते तिन्ही विंगांत पोचलं. रविवारी बाईंचा मुलगा पुण्याहून आला. सोमवारी तीन वाजता जिन्यात कोणी उतरलं नाही. पुढेही नाही.

मला सर्वांत जास्त खुपतं ते वेगळंच. सिनेमातल्या नटीचे ते हुंदके मला इतके स्पष्ट ऐकू यायचे, कारण बाई घरात असेपर्यंत काका दार सताड उघडं ठेवायचे. एकट्या पुरुषाच्या घरी बाई येते, लोकांना शंका नको, म्हणून.

पाच महिने मी गप्प राहिलो. जिन्यात काका भेटले की घड्याळात बघायचो. गेल्या आठवड्यात मात्र जाऊन सगळं सांगून टाकलं. काकांनी टीव्हीकडे पाठ करून शेवटपर्यंत ऐकलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला कशाला सांगताय?" ते म्हणाले. "वर जा. बाईंना सांगा. त्यांच्या मुलालाही फोन लावा, त्यांच्यासमोर."

मी उठलो. दारात चपला घालत होतो, तेव्हा मागून आवाज आला. एवढं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आणि सांगा, तो सिनेमा अर्धाच राहिलाय. खुनी कोण ते मी अजून बघितलेलं नाही."