नेस्ता कुणाच्या जिवावर?

"माझी पोरगी माझ्या जिवावर जगत नाही, असं मी लिहून द्यायचं?" ओल्वेनबाईंनी विचारलं आणि रश्श्याचं भांडं टेबलावर आपटलं. थोडा रस्सा मटणावर पडायच्या ऐवजी टेबलक्लॉथवर पडला. तरी त्यांनी तो पुसला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते नेस्ताला कळलं.

"तू नाही गं लिहून द्यायचं, आई. घरच्या माणसाचं चालतच नाही. बाहेरच्या कुणीतरी प्रतिष्ठित माणसानं द्यायचं."

"म्हणजे अख्ख्या पेंट्रेवेन गावाला सांगायचं! वा! त्यापेक्षा चॅपलच्या दारावर पाटीच लावू या ना. ओल्वेन रीस पोटच्या पोरीला पोसत नाही म्हणून!"

नेस्ताला सुईण व्हायचं होतं. स्वॉन्झी शहरात खोली घेऊन, तिथल्या बाजारात मासळीच्या गाळ्यावर तीन वर्षं कालवं मोजून तिच्या हातांना वास बसला होता तो बसलाच होता. पण आता कॉलेजात जागा मिळाली होती आणि खर्चाला सरकारी विद्यार्थी-निधी मिळणार होता. अडचण एवढीच होती, की निधीवाले विद्यार्थी आईबापांच्या घरचंच खातो असं धरून चालतात आणि आईबापांच्या कमाईचे कागद मागतात. ओल्वेनबाई घरबसल्या लोकांचे कपडे उसवून-शिवून देत. त्यातून काय मिळतं हे कुणाला सांगायचं नाही, हा त्यांचा कुळाचार होता. नवऱ्यालासुद्धा त्यांनी कधी पत्ता लागू दिला नव्हता. तो बिचारा न विचारताच वारला.

तेव्हा एकच वाट उरली होती. आपण तीन वर्षं स्वतःच्या पायावर उभ्या आहोत, असं नेस्तानं सिद्ध करायचं. दोन वर्षांच्या पगाराच्या पावत्या होत्या. पहिल्या वर्षी मात्र गाळ्याचे मालक पगार रोख हातावर ठेवत, आणि आता ते साक्षीला येण्याच्या पलीकडे गेले होते. त्या एका वर्षासाठी पत्र हवं होतं. ते वेळेत पोचलं नाही तर निधी नाही, आणि निधी नाही तर कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. नेस्ताची झोप उडाली ती त्या दिवसापासून.

आईला वगळून ती गुपचूप पाद्री पॅरींकडे गेली. इद्रिस पॅरी म्हणजे देवमाणूस. त्यांनी चहा पाजला, डोळ्यांत पाणी आणून सगळं ऐकलं आणि जागच्या जागी पत्र लिहून दिलं. नेस्तानं ते तिथूनच पोस्टात टाकलं आणि त्या रात्री ती पोटभर जेवली. पण देवमाणसाची मदत अशी एका पत्रावर थोडीच थांबते!

पुढच्या रविवारी चॅपलमध्ये आजारी आणि अडलेल्या माणसांसाठी प्रार्थना सुरू झाली. म्हाताऱ्या हॉपकिनचा गुडघा झाला, बसड्रायव्हरची बायको झाली, आणि मग पॅरी गहिवरून म्हणाले, "आणि प्रभो, आपली नेस्ता. कुणाचाही आधार नसताना ही पोर तीन वर्षं एकटी झगडते आहे. तिला तू तरी विसरू नकोस."

'तू तरी' या शब्दांवर सगळ्या माना ओल्वेनबाईंकडे वळल्या. प्रवचनाआधी त्यांच्या बाकावर पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी हातोहात फिरत असे. त्या दिवशी शेजारच्या मिसेस बेव्हननं पुडी घेतली, ओल्वेनबाईंच्या मांडीवरून हात लांब करून पलीकडे दिली आणि समोर बघत बसली. बत्तीस वर्षं त्या बाकावर बसणाऱ्या बाईला गोळी मिळाली नाही. पेंट्रेवेनमध्ये यापुढची शिक्षा अजून कुणाला सुचलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून नेस्ताच्या स्वॉन्झीच्या खोलीवर डबे यायला लागले. मिसेस बेव्हनचा नवरा व्हॅन घेऊन आला. मनुका घातलेला, 'बारा ब्रिथ' म्हणतात तो केक, कांद्याबटाट्याचा रस्सा, पुन्हा तोच केक, लोकरीचे मोजे आणि कुणाच्या तरी मेलेल्या आत्याचा कोट. "काही काळजी करू नकोस, पोरी. आई असली तरी सगळ्यांनाच माया असते असं नाही," असं म्हणून त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"अहो काका, आईनं मला टाकलेलं नाहीये!"

"असंच म्हणायचं. शहाणी पोर आहेस."

नेस्ता त्या डब्यांकडे बघून घामाघूम झाली. हे सगळं आधारात धरतात की काय? सहा केक खाणारी मुलगी स्वतंत्र कशी म्हणायची? तिनं निधी कार्यालयाला फोन लावला. तिकडून बराच वेळ बासरी ऐकू आली आणि मग फोन कटला. डबे परत पाठवायची सोय नव्हती, कारण पेंट्रेवेनमध्ये परत आलेला केक तीन पिढ्या विसरत नाहीत. शेवटी तिनं पाद्रींना फोन केला.

"साहेब, तुमच्या पाया पडते. आई माझ्यावर जीव टाकते, एवढं लोकांना सांगा हो. घरी ती दोन दिवस जेवली नाहीये."

"अरेरे! माझ्या हातून केवढा अन्याय झाला!" पॅरी कळवळले. "तू निर्धास्त राहा. मी सगळं दुरुस्त करतो."

त्यांनी खरोखरच सगळं दुरुस्त केलं. रविवारी भर चॅपलमध्ये सांगितलं, की ओल्वेनसारखी आई शोधून सापडणार नाही, लेकीचा सगळा सांभाळ ती एकटी करते. गोळ्यांची पुडी ओल्वेनबाईंकडे दोनदा आली. आणि पॅरी सच्चे असल्यामुळे सोमवारी सकाळी त्यांनी निधी कार्यालयालाही फोन करून सांगितलं, की माझ्या पत्रात चूक झाली होती, मुलीला तिची आईच पोसते.

नेस्ताला याची काही कल्पना नव्हती. मंगळवारी ती कामावरून आली तर दारात ओल्वेनबाई उभ्या! हातात दोन बॅगा, काखेत उशी.

"आता मी इथंच राहणार. तुझं जेवणखाण, धुणंधाणं सगळं बघणार. बघू दे त्या बेव्हनला डोळे फाडून!"

"आई, शुक्रवारपर्यंत थांब ना गं! शुक्रवारी निधीचा निकाल आहे. तोवर तू मला काहीही देऊ नकोस. उशीसुद्धा नको!"

"ही उशी माझी आहे," म्हणत ओल्वेनबाई आत शिरल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"नेस्ता रीस? मी विद्यार्थी-निधीतून डिलिस बोलतेय. तुमच्या पाद्रीसाहेबांनी पत्र मागं घेतलंय. तुमचा सगळा खर्च आई करतात म्हणे. मग तुम्ही अर्जात स्वतंत्र कसं लिहिलंत?"

नेस्तानं आईकडे पाठ फिरवली. तिनं फोन कानाशी घट्ट धरला, तर नेमका तिचा अंगठा स्पीकरच्या बटणावर पडला आणि "पाद्रीसाहेब सांगतात ते खरं ना मग?" असा डिलिसबाईंचा आवाज खोलीभर घुमला. ओल्वेनबाईंनी फोन ओढून घेतला.

"मी तिची आई बोलतेय. पाद्री सांगतात ते शंभर टक्के खरं आहे!"

"बरं झालं भेटलात," डिलिसबाई शांतपणे म्हणाल्या. "नेस्ता, आईंशी बोललं तर चालेल ना?" नेस्ताच्या तोंडून कसाबसा हुंकार निघाला. "हं, मिसेस रीस, काय काय करता तुम्ही तिच्यासाठी?"

"काय करत नाही ते विचारा! दर रविवारी भाजलेलं मटण करते."

"मटण कोण आणतं?"

"तीच आणते येताना. बाजारात ओळखीनं तिला स्वस्त पडतं."

"बरं. आणखी?"

"रोज दोनदा फोन करते. सकाळी उठवायला, रात्री झोपवायला."

"फोनचं बिल कोण भरतं?"

"ते तिच्या नावावर आहे. दोन फोन एकत्र घेतले की सूट मिळते, तुम्हाला माहीत असेलच."

"हो. आणखी?"

"मागच्या थंडीत स्वेटर विणून दिला!"

"लोकर?"

"लोकरीचं काय घेऊन बसलात! विणलं कुणी?"

"तुम्हीच विणलंत. आणि तुमचं घर गरम ठेवायला गॅस लागतो, त्याचं बिल?"

ओल्वेनबाई उशी घेऊन पलंगावर बसल्या. "मी नको म्हटलं होतं तिला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हल्ली शिवणाला कोण येतंय? सगळे तयार कपडे घेतात, फाटले की फेकून देतात. पण मी मागितलं नाही हो कधी. तीच आपली भरून मोकळी होते."

नेस्ताला आईकडे बघवेना. हा हिशेब तिनं मनातसुद्धा कधी केला नव्हता, आणि आता एक परकी बाई तो तिच्या आईकडूनच करवून घेत होती. निधी गेला तरी चालेल पण हा फोन बंद व्हावा, असं तिला त्या घटकेला खरोखर वाटलं.

पलीकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज येत राहिला.

"मिसेस रीस, तुमची फार मदत झाली. तुम्ही बोललात ते मी नोंदवून घेतलंय, पत्राची आता गरज नाही. नेस्ता स्वतंत्र आहे, मंजूर करतेय. नेस्ता, शेवटचा एक प्रश्न. कुणी मोठं माणूस तुमच्यावर अवलंबून आहे का? असेल तर निधीशिवाय वेगळी मदत मिळते. त्यांच्या कमाईचा एक कागद लागेल, बाकी काही नाही."

ओल्वेनबाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांची मान लाल झाली होती.

"नाही," नेस्ता म्हणाली. "कुणी नाही."

"नक्की?"

"नक्की. आमच्याकडे सगळे आपापलं बघतात."

फोन बंद झाला. नेस्ता आईच्या शेजारी पलंगावर जाऊन बसली. जागा मिळाली, निधी मिळाला, म्हणून तिला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण ती नुसती आईच्या बॅगांचे पट्टे सोडत बसली. ओल्वेनबाईंनी उशी मांडीवर घेतली आणि तिची टोकं सारखी करत बसल्या.

"नेस्ता, ती जास्तीची मदत किती असेल गं?"

"असेल बरीच. वर्षाचं खोलीचं भाडं निघालं असतं."

"आणि मग तुला कॉलेज सांभाळून रात्रीचं काम करावं लागलं नसतं? नुसता अभ्यास केला असतास?"

"जाऊ दे ना, आई."

"जाऊ दे काय जाऊ दे! बावीस वर्षांत तुझ्यासाठी काही करायची वेळ आली, तर तूच फोन ठेवून मोकळी झालीस. लाव परत त्या बाईंना!"

"अगं, कमाईचा कागद लागेल. सगळं सांगावं लागेल."

"देते कागद! लाव म्हणते ना!" ओल्वेनबाईंनी डोळे पुसले आणि ताठ बसल्या. "आणि त्यांना आठवणीनं सांग, मी खातेसुद्धा खूप."