सुरवंटांचा दामले

दामले सुरवंटांना अहोजाहो करतो आणि सोसायटीच्या चेअरमनला अरेतुरे. बँकेतून रिटायर झालेला, एकटा माणूस. मी उरणचा कोळी, शाळा चौथीत सोडली. विचुंब्याला मुलानं फ्लॅट घेतला म्हणून हा शेजार नशिबी आला.

माझी बायको गेटजवळच्या झाडाखाली सुकट निवडत बसायची. एकदा दामले तरातरा आला तेव्हा मला वाटलं, वासाची तक्रार असणार.

"वहिनी, तो हात पानाला लावू नका. हे जेवतायत."

पानांवर पिवळेधमक सुरवंट होते. हिनं विचारलं, "भावजी, हे मोठे झाले का काय व्हतात?"

"पतंग. दिव्याभोवती फिरतात तसलेच, पण हे पिवळे-निळे आणि भर उन्हात उडणारे. लोक फुलपाखरू म्हणतात. गाढव आहेत."

मग रोज दोघांचं तेच. सुरवंटांनी पानं गुंडाळून कोष केले, आणि त्याच आठवड्यात ही झोपेतच गेली.

हिचं कार्य उरकलं आणि दुसऱ्या सकाळी फवारणीवाला आला. चेअरमनच्या नातवाला पुरळ उठलं होतं. आळ सुरवंटांवर. दामले झाडाला पाठ लावून उभा.

"अरे, ते घामोळं आहे. पावडर लाव त्याला."

"दामले, ही माणसांची सोसायटी आहे. बाजूला व्हा."

एक सुरवंट कोष न करता मागं राहिला होता. दामल्यानं तो उचलून स्वतःच्या मानेवर ठेवला. "बघ, उठतंय का पुरळ." सगळे मान बघत राहिले. काही उठेना, तसा चेअरमन जास्तच चिडला.

"मार रे तू."

नळी वर झाली. दामल्यानं डोळे मिटले, पण हलला नाही. मी दूध घेऊन येत होतो. पुढं झालो आणि नळी धरली.

"झाड काय पलून जातंय?"

"काका, तुम्ही यात पडू नका."

"पडलो."

माझं नुकतं केस काढलेलं डोकं बघून चेअरमन नरमला. "रविवारी फवारणार म्हणजे फवारणार."

रोज जाऊन पानं बघायचो. काही नाही. शनिवारी सकाळी दामल्यानं दार वाजवलं. "नाखवा, चला. लवकर."

एक कोष फुटला होता. पतंग ओले पंख घेऊन फांदीला लटकला होता.

"बाकीचे?"

"उद्यापर्यंत निघाले तर निघाले."

"एका किड्यासाठी अंगावर औषध घेणार होतास?"

"वहिनींना दाखवतो म्हणालो होतो." त्यानं चष्मा काढून पुसला. "तुम्ही बघा. मला एकट्याला बघवेना."