नदीपार न गेलेल्या पथकाची हकीकत

श्री कुलस्वामिनी जागी असो. लिहिणाऱ्याची बोटे शाबूत असोत, ऐकणाऱ्याचे कान उघडे असोत, आणि ज्यांस हे झोंबेल त्यांच्याजवळ पाण्याचा तांब्या भरलेला असो. शके अमुक, दुर्मती नाम संवत्सरी, पौष मासी एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. राज्याचे नाव पुसू नये. पुसले तर तेथील लोक म्हणतात, आमचे नव्हे, शेजारचे.

त्या राज्यात महाराज कबुतरे पाळीत आणि बाकीचे सारे लखोपंत कारभारी पाळीत, महाराजांसुद्धा. राजधानीच्या वेशीलगत शिपाईपुरा होता, आणि तेथे भिवराबाई नामे थोर बाई, रायाजी जमादाराची मातोश्री, राहत होती. बाई मोठी संशयी. गवळी हसला तर त्या दिवशीचे दूध दोनदा मापून घेई. सुनेने पाय चेपले तर काय फुटले म्हणोन मांडणी तपासून येई. आणि त्या राज्याची रीत ऐसी की मोहीम निघते समयी पुऱ्यातील वडील बाईने वेशीत उभे राहोन प्रत्येक शिपायाच्या तळहातावर दही घालावे, त्याने ते चाटावे, आणि मग मागे न पाहता चालू लागावे. दही हातावर पडले की मोहीम सरेतो वेशीच्या आत पाऊल घालणे नाही. आणि वडील बाईचे दही कोणी हात मागे घेऊन नाकारले तर तो त्या पुऱ्यास मेला. हा मान भिवराबाईच्या घरचा. तिने आपल्या हाते नवऱ्यास दही घातले, तो परत आला नाही. तरी बाईने मान सोडला नाही, दुसरीस ते वाडगे धरूही देत नसे.

तो त्या पौषात नदीच्या उतारावरची आपली चौकी जळाली, आणि लखोपंतांनी डंका पिटविला की नदीपारच्या लोकांनी येऊन जाळली, आता पार जाऊन त्यांची गावे जाळावी, याखेरीज राज्याची अब्रू राहत नाही. आणि त्या चौकीवर जे पथक होते ते रायाजीचेच. त्यास हुकूम जाहला की वाट तुम्हांस ठाऊक, पुढे तुम्ही व्हावे. तेव्हा रायाजी भर दरबारात मुजरा करोन बोलिला, "आम्ही जाणार नाही." आणि मागे पथक उभे होते, तेही तेच बोलिले. मग सर्वांस पागेत नेऊन पाय खोड्यात अडकविले, आणि हुकूम जाहला की उद्या सकाळी वेशीत दही घेतील तर शिपाई, न घेतील तर हत्तीच्या पायी जातील.

मग दोन प्रहरी लखोपंत खासा भिवराबाईच्या दारी आले. जन्मात कधी आले नव्हते. घोंगडीवर बसले, ताक मागून प्याले आणि म्हणाले, "मातोश्री, ऐसे ताक वाड्यातही नाही!" ऐकताच बाईच्या मनात पाल चुकचुकली.

बाई म्हणाली, "पंत, ताक पाणचट आहे, सून लक्ष देत नाही. काम बोला."

"काम काय, तुमच्या घरचा मान. पोरगा अडून बसला आहे. पण आईच्या हातचे दही नाकारील ऐसा तो नव्हे. तुम्ही उद्या घालाल, तो चाटील, आणि जीव वाचेल."

"म्हणजे हत्ती तुमचा आणि दोरी माझ्या हाती, ऐसे का?"

"आम्ही तर तुमच्या घराण्याची काळजी करोन आलो."

"तुमचे चिरंजीव कितव्या रांगेत आहेत?" बाईने पुसिले.

"त्यास पडसे झाले आहे," पंत म्हणाले, आणि लगबगीने उठले.

मग बाई फडक्यात भाकरी बांधोन पागेत गेली. पंतांवर संशय होता, तैसा लेकावरही होताच. खोड्यापुढे उभी राहोन म्हणाली, "रायाजी, खरे सांग. भ्यालास? भ्याला असशील तर सांग, कासारीण बोलावून बांगड्या भरते, आणि तुझ्या बापाची तलवार कोयता करोन गवत कापायला वापरते."

"भ्यालो नाही, आई."

"मग पल्याड कोणी बाई आहे. घारी आहे का?"

पथकातला म्हातारा सिदू हवालदार खोड्यात पाय असता खो खो हसला आणि म्हणाला, "काकी, एक नव्हे, सारे गाव आहे!"

तेव्हा रायाजी सांगता जाहला की भाऊबीजेस आम्हांस रजा मिळाली नाही, चौकीतच बसलो होतो, तो नदीपारच्या बाया होडीत बसोन ताटे घेऊन आल्या. म्हणाल्या, कोणाचे तरी भाऊच ना तुम्ही, सणाला उघड्या कपाळाने बसू नये. त्यांनी ओवाळिले. आम्हांजवळ घालावयास काही नव्हते, म्हणोन ताटात शब्द घातला की तुमच्या दाराशी आम्ही हत्यार घेऊन येणार नाही. "आणि आई, चौकी त्यांनी जाळली नाही. आदले दिवशी पंतांचा माणूस आला, म्हणाला खाटा काढा, भांडी काढा, तुम्ही मागच्या गावी जा. आम्ही गेलो. मागे धूर निघाला."

बाई म्हणाली, "बहिणी केल्यास आणि मला कळविले नाहीस? चोळीचा खण धाडिला नसता मी? घरची लाज काढलीस." मग म्हणाली, "धुराचे मात्र तू म्हणतोस म्हणोन मी मानणार नाही. तू लहानपणी दही खाऊन मांजराचे नाव सांगत होतास."

रायाजी म्हणाला, "मानू नकोस. पण उद्या तू दही घातलेस तर मी हात मागे घेणार नाही. तुझे दही खाली पडू देणार नाही. चाटीन आणि जाईन, आणि मग मी कोणाचाच राहणार नाही."

बाई घरी आली आणि जात्यापाशी बसली. जात्याभोवती सातूचे पीठ अजून पांढरे दिसत होते. सातू म्हणजे मोहिमेची शिदोरी. घरी सणावारी कोणी रांधीत नाही. कोठीच्या कारकुनाने साऱ्या पुऱ्यात गोण्या वाटल्या होत्या, तेव्हा बाईने त्यास पुसिले होते की हे कोणासाठी रे मेल्या? तो म्हणाला होता, महाराजांच्या कबुतरांसाठी. आणि बाई म्हणाली होती, कबुतरे आहेत की रेडे? आता तिने तिथी आठवली. गोण्या आल्या पंचमीस. चौकी जळाली अष्टमीस. मग बाई उठली आणि तिने दुधास विरजण लाविले, नेहमीपेक्षा अंमळ जास्तच.

सकाळी वेशीत गर्दी जाहली. महाराज पालखीत, मांडीवर कबुतर. हत्ती सजवून उभा. पथकास आणिले, पायांस खोड्याचे वळ. भिवराबाई ठेवणीतले लुगडे नेसोन, वाडगे घेऊन आली. रायाजीने तळहात पुढे केला. तिने दही वाडग्यातून उचलिले, हातावर आणिले आणि तेथेच थांबली.

मग मोठ्याने म्हणाली, "पंत, चौकी जळाली केव्हा?"

"अष्टमीस. हे साऱ्यांस ठाऊक आहे."

"मग सूड घेणाऱ्यांची शिदोरी माझ्या जात्यावर पंचमीस कशी आली? बायांनो, बोला ना! कबुतरांची कोणकोण दळीत होता?"

आणि पुऱ्यातील बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एक बोलली, "पंचमीच ती," मग दुसरी बोलली, मग साऱ्याच बोलू लागल्या. महाराज दचकोन म्हणाले, "माझी कबुतरे सातू खात नाहीत." तेव्हा लखोपंत लाल होऊन पुढे धावले आणि "आण ते वाडगे इकडे!" म्हणोन त्यांनी हात पसरिला. बाईने हातातले सारे दही त्या तळहातावर ठेविले.

"चाटा, पंत," बाई म्हणाली. "आणि मागे पाहू नका."

पंतांनी महाराजांकडे पाहिले. महाराजांस राज्यकारभार कळत नव्हता, पण रीतभात चोख कळत होती. म्हणाले, "पंत, वडील बाईचे दही आहे. हात झटकू नये." आणि पंतांनी चाटिले, आणि वेशीबाहेर गेले. मागोमाग कोणी निघाले नाही. हत्ती तेवढा सवयीने दोन पावले गेला, त्यास माहुताने फिरविले.

पुढे पंतांनी वेशीबाहेर चिंचेखाली डेरा दिला, गादी मागविली, चिरंजीवांस निरोप धाडिला. त्यांचे पडसे काही बरे होईना. मोहीम सरल्यावाचून आत येणे नाही, आणि मोहीम सुरूच जाहली नाही, ती सरणार कैसी? पथकास महाराजांनी हत्तीपासून सोडिले, परंतु हुकूम मोडिला म्हणोन घोडी आणि हत्यारे काढून घेऊन चाकरीतून दूर केले. बापाची तलवारही गेली. ते बाईस फार लागले. ती पंधरवडाभर रायाजीशी बोलली नाही, पण त्याचे पान आधी वाढीत होती. पुढल्या भाऊबीजेस मात्र खणांचे गाठोडे घेऊन स्वतः होडीत बसली, त्या खरेच बहिणी आहेत की कसे, हे पाहावयास. साऱ्याजणी ताटे घेऊन पुढे आल्या. एक दाराआडच राहिली, घाऱ्या डोळ्यांची. तीस बाईने फार वेळ न्याहाळिले.

एवंच, त्या साली लढाई जाहली नाही, म्हणोन पोवाडा नाही, मानाचे कडे नाही, आणि दोन्ही तीरांवर नवी विधवा नाही. बखरकार न जाहलेले लिहीत नाहीत, म्हणोन येथे लिहिले. चिंचेखालचा डेरा अद्याप आहे. दही कोणी वाढू लागले तर आतला माणूस हात पाठीमागे घेतो.