मुंग्या लागलेली कॉइल

मारुतरावांची कॉइल तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा हिंदुराव निगडीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत डोकं धरून बसले. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं त्यांनी इग्निशन कॉइल तपासल्या. पास केलेला एकही नग कधी परत आला नाही. आता मात्र होणाऱ्या व्याह्यांच्या होडीच्या जुनाट मोटारीनं त्यांची अब्रू धरणात बुडवली होती.

"ठिणगीच पडत न्हाई, पाव्हणं," मारुतराव म्हणाले होते. "वऱ्हाड ह्याच होडीतनं आणायचंय. जमत नसंल तर तसं सांगा." 'जमत नसंल' हे हिंदुरावांच्या जिव्हारी लागलं होतं.

मीटरवर कॉइल ठणठणीत होती. बाल्कनीत निळीशार ठिणगी ताडताड उडे, धरणावर नेली की मरे. वर परत येताना तिला मुंग्या लागलेल्या असत. हिंदुरावांनी वायर बदलली, वॉर्निश बदललं, शेवटी चष्मासुद्धा बदलला.

"माझे हातच गेले गं. तीस वर्षं मी काय पास केलं, देव जाणे!"

"स्वतःच जा बसवायला," म्हणत बायकोनं, कुसुमताईंनी, कॉइलची पिशवी हातात दिली. ती जरा जड होती. खाली डबा असेल, असं हिंदुरावांना वाटलं.

ते धरणावर पोहोचले. होडीच्या मोटारीचं वरचं झाकण कधीच पाण्यात गेलेलं. हिंदुरावांनी कॉइल बसवून ठिणगी पाहिली. झकास! त्यांना भरून आलं.

"ओढा दोरी, मारुतराव!"

"थांबा की!" मारुतरावांनी पिशवीतून नारळ काढला, दगडावर फोडला आणि सगळं पाणी मोटारीवर ओतलं. मग दोरी ओढली. मोटार गप्प.

"हे... दर वेळी करता?"

"व्हय. तिन्ही येळंला."

"अहो, कॉइलवर पाणी? मुंग्या लागतील नाहीतर काय! कुणी शिकवलं हे?"

"वैनींनी. नारळबी त्याच देत्यात. म्हनल्या, ह्यांनी दुरुस्त केलेलं काहीबी नारळ फोडल्याबिगर चालू करू नका. त्यास्नी घरच्या मिक्सरचा अनुभव हाय."

हिंदुरावांनी कॉइल काढली, आपल्या शर्टानं पुसली, तासभर उन्हात धरून बसले आणि पुन्हा बसवली. पहिल्याच झटक्यात मोटार धडधडली.

मारुतरावांनी हात जोडले. "बगा! नारळ पावला शेवटी. वैनींचं बोलणं खोटं व्हनार न्हाई."

लग्न तोंडावर आलं होतं.

"व्हय," हिंदुराव म्हणाले.